हिऱ्यांचा शौकीन

शनिवारची रात्र, जेवणाचं टेबल, त्याभोवती पाच-सहा जण. मधे पेन्सिली, खोडरबर, चिवड्याची वाटी आणि चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे रंगीत फासे. एका टोकाला पुठ्ठ्याचा आडोसा आणि त्यामागे डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा आणि नियम सांभाळणारा. बाकीच्यांपुढे एकेक कागद. त्या कागदावर ज्याने त्याने जन्माला घातलेलं पात्र: कुणाचा बुटका लोहार, कुणाचा भित्रा जादूगार, कुणाची कडक पुजारीण. डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव असा दिसतो, अमेरिकेत दिसतो तसाच पुण्यातही. या मंडळींत एक जण असा असतो, ज्याला कुणी बोलावलेलं नसतं आणि ज्याच्यासाठी खुर्चीही मांडलेली नसते. त्याची तुम्हाला ओळख करून द्यायची आहे. तो या खेळातला मृत्यू.

खऱ्या मृत्यूशी याचं नातं नावापुरतं. माणसांच्या केसालाही तो धक्का लावत नाही, त्याची सत्ता कागदावरच्या पात्रांपुरती. पण त्या कागदावर दोन-तीन वर्षांचे शनिवार खर्ची पडलेले असतात, आकडे खोडून खोडून तो मधोमध पातळ झालेला असतो, कोपऱ्यात चहाचा गोल डाग असतो. असा कागद बाजूला सारायची वेळ आली की नोकरीधंद्याची, पोराबाळांची माणसंसुद्धा गप्प होतात. एवढा मान या गृहस्थाला मिळतो आणि तो त्याला आवडतो.

त्याचा जन्मच तक्रारीतून झाला. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्ह आर्नेसन आपल्या मित्रांना ब्लॅकमूर नावाच्या काल्पनिक मुलखात हिंडवत असे. हाताशी नियम होते ते सैन्यांच्या लढायांचे, एक घाव बसला की शिपाई पटावरून बाद. शंभरातला एक शिपाई गेला तर कुणी हळहळत नाही, पण इथे प्रत्येकाकडे एकच माणूस होता. राक्षस एका घावात मेला तर हरकत नाही, आपण एका घावात मरायचं नाही, असं मंडळींचं म्हणणं पडलं. आर्नेसनने मग अमेरिकी यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या खेळातली युक्ती उचलली. जहाज किती मारा सोसेल याचा तिथे आकडा असे, तोच त्याने माणसाला लावला. हेच ते हिट पॉइंट. दारातून थेट आत न शिरता उंबऱ्यावर थोडं थांबायची या मृत्यूची सवय खेळाडूंनी भांडून लावलेली आहे.

1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा खेळ छापून आला, तेव्हा स्वारी ऐन तारुण्यात होती आणि तापटही. आकडा शून्यावर आला की विषय संपला. नवख्या जादूगाराचा हा आकडा साध्या सहा बाजूंच्या फाशावर ठरायचा, एक पडला तर एकच. पण इतका उतावळा असूनही व्यवहाराला तो पहिल्यापासून चोख. त्या पहिल्याच पुस्तिकांत वारसाचा नियम आहे: पात्र नाहीसं झालं आणि खेळातला एक महिना परतलं नाही, तर आधी नेमून ठेवलेल्या नातलगाला त्याची मालमत्ता मिळते, 10 टक्के कर भरून. पुढे मूळ मालक जिवंत परत आलाच, तर त्याने पुन्हा 10 टक्के भरून आपलं घरदार ताब्यात घ्यावं. मालमत्ता परत मिळवण्यासाठी तो नातलग कारस्थानं करू शकतो, असंही तिथे बजावून ठेवलं आहे. राक्षसांच्या गुहा आणि सोन्याचे हंडे यांच्या बरोबरीने या खेळाने पहिल्याच वर्षी भाऊबंदकीची तजवीज केली होती. मला याचं फार कौतुक वाटतं. मेल्यानंतर काय, हा प्रश्न या लोकांनी पहिल्या दिवसापासून मनावर घेतला होता.

तरुणपणी त्याला मिरवायचीही भारी हौस. आपली पात्रं अजिंक्य आहेत अशा बढाया मारणाऱ्या खेळाडूंसाठी गायगॅक्सने ‘टूम ऑफ हॉरर्स’ नावाचं थडगं रचलं आणि 1975 मध्ये बाल्टिमोरच्या ओरिजिन्स मेळाव्यात ते स्पर्धेसाठी मांडलं. पुस्तकरूपाने ते 1978 मध्ये आलं. हे थडगं म्हणजे आपल्या या गृहस्थाचा दिवाणखाना. भिंतीवर एका हिरव्या सैतानाचा चेहरा, त्याचा जबडा सताड उघडा, आत काळोख. वाट असेल असं वाटून कुणी आत शिरलं की कायमचं नाहीसं. फासा टाकायची संधी नाही, प्रेत नाही, हाड नाही. गायगॅक्सच्या जुन्या साथीदारांपैकी रॉब कुंट्झने आपल्या रोबिलार नावाच्या पात्रापुढे ऑर्क नावाच्या राक्षसांची पलटण चालवली. सापळे त्यांच्यावर फुटत गेले, आणि शेवटच्या दालनात खजिना पिशवीत भरून रोबिलार पसार झाला. या थडग्याचं नाव काढलं की जुने खेळाडू आजही कोण कुठल्या दालनात गेला ते अभिमानाने सांगतात.

वय वाढलं तसा तो कारकून झाला. 1978 च्या नियमपुस्तकात त्याच्या हाती तक्ते आले. पात्राच्या प्रकृतीला कॉन्स्टिट्यूशन म्हणतात. ती 18 असेल तर पुन्हा जिवंत होण्याची शक्यता शंभर टक्के, 10 असेल तर 75, 3 असेल तर 40. पुरोहिताने मंत्र म्हटला, देव राजी झाला, तरी हा तक्त्यावर बोट ठेवून सांगणार, फासा टाका. परत पाठवताना दर खेपेला प्रकृतीतला एक गुण कायमचा कापून घेणार. मुळात जेवढी प्रकृती, तेवढ्याच खेपा. एल्फ जमातीशी तर त्याचं मुळीच पटत नसे, साध्या ‘रेज डेड’ मंत्राने तो एल्फाला सोडतच नसे. ड्रुइड म्हणजे निसर्गपूजक पुरोहित, त्याच्याकरवी पुनर्जन्म मागितला तर तो तक्ता आणखी वेगळा. नशिबात घुबड, कोल्हा, लांडगा, रानडुक्कर, अस्वल, काहीही येई. चौऱ्याऐंशी लक्ष योनींची सवय असलेल्या आपल्याला यात नवल नाही, पण काल तलवार चालवणारा सरदार आज रॅकून होऊन साथीदारांच्या मागे धावतोय, हे त्या खेळाडूंना पचवायला जड गेलं असणार.

याच काळातला एक नियम मात्र मला त्याच्या साऱ्या स्वभावात मोलाचा वाटतो. ‘रेझरेक्शन’ हा मोठा मंत्र म्हणणाऱ्या पुरोहिताचं वय तीन वर्षांनी वाढे, आणि परत आलेला ज्या पायरीवरचा, म्हणजे लेव्हलचा, असेल तितके दिवस त्या पुरोहितालाच अंथरूण धरावं लागे. किंमत देणारा कोण, ते बघा. मेलेला नव्हे, त्याच्यासाठी रदबदली करणारा. मित्राला परत आणायचं तर आपल्या आयुष्यातली तीन वर्षं मोजायची. इथे या मृत्यूला आपलं खरं काम पहिल्यांदा सापडलं असं मी मानतो.

पण त्याने ते धरून ठेवलं नाही. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने एक वाईट खोड लावून घेतली: ‘रेज डेड’ने परत आलेल्याची एक लेव्हल तो कापून घेऊ लागला. याचा टेबलावर काय परिणाम होतो तो बघा. लढाईत ज्याचं पात्र पडलं, तो खेळाडू आधीच तासभर हात बांधून बसलेला असतो. बाकीचे फासे टाकतात, आरडाओरडा करतात, हा चिवडा खात राहतो. मग पात्र परत येतं ते बाकीच्यांहून एक पायरी खाली. पुढच्या लढाईत तेच आधी पडण्याची शक्यता जास्त. पडलेल्यालाच पुन्हा पाडायचं आणि दंडही त्याच्याच खिशातून घ्यायचा, हे मला कधीच पटलं नाही. नवं पात्र पहिल्या पायरीपासून सुरू करायला लावणारे जुन्या वळणाचे डंजन मास्टर हीच चूक करतात. सातव्या पायरीवरच्या वीरांमागून पहिल्या पायरीवरचा पोऱ्या कंदील धरून चालतो आणि त्याला धड मरायलाही मिळत नाही, कारण सगळे त्याला मागे ढकलत असतात.

हिऱ्यांचा शौकही याच आवृत्तीत बळावला. 2003 च्या सुधारित नियमांत ‘रेज डेड’साठी 5000 सुवर्णमुद्रांचा हिरा लागू लागला. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत त्याने भाव उतरवले आणि दरपत्रक नीट लावून दिलं. मरून एक मिनिट उलटायच्या आत परत हवा असेल तर 300 चे हिरे. दहा दिवसांपर्यंत 500 चा. शंभर वर्षांपर्यंत हजाराचा. दोनशे वर्षांपूर्वी गेलेला, शरीराचा कणही न उरलेला माणूस हवा असेल तर 25,000 चे हिरे. हिरा तो ठेवून घेत नाही, मंत्रासरशी संपवून टाकतो. माणिक, पाचू यांना हात लावत नाही, उधारी ठेवत नाही. म्हणून अनुभवी टोळी नव्या शहरात शिरली की आधी जवाहिऱ्याचं दुकान विचारते. डंजन मास्टर शहाणा असेल तर सगळ्या मुलखात चार हिरे ठेवतो आणि मग त्या चार हिऱ्यांपायी काय काय घडतं ते बघत राहतो.

दोन बाबतींत मात्र हिऱ्यांचे ढीग ओतूनही तो बधत नाही. म्हातारपणाने गेलेल्याला तो सगळ्यांत मोठ्या मंत्रानेही सोडत नाही. आणि आत्म्याची इच्छा नसेल तर ओढून परत पाठवत नाही. इतका कडक गृहस्थ, पण जाणाऱ्याला तो विचारतो: जायचंय परत? तेव्हा सगळे त्या खेळाडूकडे बघतात. कुणी लगेच हो म्हणतं. कुणी थांबतं, कागदावरून हात फिरवतं आणि सांगतं की नको, तिचं काम झालं, तिला राहू द्या. असं म्हणणाऱ्या खेळाडूबद्दल मला आदर आहे.

आता त्याचं वय झालंय आणि तो बराच निवळला आहे. पाचव्या आवृत्तीत शून्यावर आलेलं पात्र लगेच मरत नाही. आपल्या पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. 10 किंवा वर पडलं तर एक यश, खाली पडलं तर एक अपयश. तीन यशं आधी जमली तर जीव तगला, तीन अपयशं आधी जमली तर गेला. कुणी मदतीला आलं नाही तरी हिशेबाने साधारण 60 टक्के वेळा जीव वाचतो. पण तो हिशेब त्या घडीला कुणाला सुचत नाही. दोन अपयशं झालेली असतात. खेळाडू फासा मुठीत धरून नको तितका वेळ हलवतो. शेजारचा म्हणतो, अरे टाक. फासा वहीला आपटून टेबलाखाली जातो आणि पाचही जण खाली वाकतात. खाली पडलेला धरायचा की नाही यावर वाद होतो. धरायचा नाही असं ठरतं, आणि मग तो पुन्हा टाकावा लागतो. 20 पडलं तर पात्र एका हिट पॉइंटवर डोळे उघडतं, 1 पडलं तर दोन अपयशं एकदम. एवढ्याशा प्लॅस्टिकच्या तुकड्यासमोर सहा माणसांचा श्वास अडकवून ठेवायची कला त्याला या वयात साधली आहे.

निवळण्याचा त्याला तोटाही झाला. पुरोहिताने ‘हीलिंग वर्ड’ हा छोटा मंत्र लांबूनच उच्चारला की पडलेला उठतो, घाव बसतो, पडतो, पुन्हा उठतो. खेळाडू याला यो-यो म्हणतात. अशा टेबलावर त्याला कुणी विचारत नाही, त्याच्यासमोरच गप्पा चालतात. तिथे तो केविलवाणा दिसतो.

येण्याची त्याची वेळ कधीच ठरलेली नसते. महिनोन् महिने ज्या ड्रॅगनची तयारी केली तिथे हा येईलच असं नाही. 2014 च्या स्टार्टर सेटमध्ये पहिल्याच मोहिमेत रस्त्यावर दोन मेलेले घोडे दिसतात आणि झाडीत चार गॉब्लिन दबा धरून असतात. जगभरच्या कितीतरी नवख्या टोळ्यांची त्याच्याशी पहिली गाठ त्या रस्त्यावर पडली. नाव ठरवायला आठवडा घेतलेलं पात्र पहिल्या अर्ध्या तासात बाणाने पडतं.

त्याचे नातलग दुसऱ्या खेळांत नांदतात आणि त्यांचे स्वभाव निराळे. मार्क मिलरच्या 1977 च्या ‘ट्रॅव्हलर’मधला सगळ्यांत अधीर. तिथे खेळ सुरू होण्याआधी पात्राची मागची नोकरी फाशांवर ठरते, आणि स्काउट खात्यात भरती झालात तर दर चार वर्षांच्या मुदतीला दोन फाशांवर 7 किंवा जास्त पडावं लागतं. नाही पडलं तर पात्र तयार होता होताच मेलं. कोरा कागद घ्या. 1984 च्या ‘पॅरानोइया’मधला अगदी उधळ्या, तिथे प्रत्येकाला एकसारखे सहा क्लोन मिळतात आणि एक गेला की पुढचा हजर. ‘ड्रेड’मध्ये फासेच नाहीत, लाकडी ठोकळ्यांच्या जेंगा मनोऱ्यातून एकेक ठोकळा काढायचा, आणि ज्याच्या हातून मनोरा कोसळेल त्याचं पात्र गेलं. ग्रेग स्टॅफर्डच्या ‘पेंड्रॅगन’मधला त्यांतला घरंदाज: सरदार पडला की पुढच्या पिढीतला वारस तलवार उचलतो, म्हणून तिथे लग्न आणि मुलंबाळं हाही खेळाचाच भाग. आणि ‘टेल्स फ्रॉम द लूप’मधली मुलं मरतच नाहीत. तिथे सगळेच कच्चं लिंबू. मार बसतो, भीती वाटते, नाती तुटतात, पण कुणी बाद होत नाही. हाही नियम मला मान्य आहे, कारण मुलांच्या गोष्टीत त्याने यावं असं मलाही वाटत नाही.

त्याच्यावर एकदा फार मोठा आळ आला. 1980 च्या दशकात अमेरिकेत या खेळाबद्दल भीती पसरली होती. जॅक चिकने 1984 मध्ये काढलेल्या धर्मप्रचाराच्या एका चित्रपुस्तिकेत एका मुलीचं पात्र खेळात मरतं, म्हणून तिला गटातून बाहेर काढतात, आणि ती मुलगी खरोखर जीव देते. हा मृत्यू कसा वागतो हे ज्याने कधी टेबलाशी बसून पाहिलेलंच नाही त्याने केलेलं ते चित्र आहे. पात्र गेलं म्हणून माणसाला दार दाखवायचं, ही त्याची रीत कधीच नव्हती. त्याने कागद नेला की शेजारचा दुसरा कोरा कागद पुढे करतो. जुन्यातला जुना, थडग्यातला, हिरव्या जबड्याचा मृत्यूसुद्धा एवढं पाळत आला आहे.

त्याचं सगळ्यांत सुंदर रूप मी ‘क्रिटिकल रोल’मध्ये पाहिलं. आवाजाच्या दुनियेतले कलावंत आपला खरा डाव कॅमेऱ्यासमोर खेळतात, त्यावरची ‘द लेजंड ऑफ व्हॉक्स माकिना’ ही ॲनिमेशन मालिका आपल्याकडेही अनेकांनी पाहिली असेल. त्यांच्या सुरुवातीच्या मोहिमांचा डंजन मास्टर मॅथ्यू मर्सर याने परत आणण्यासाठी स्वतःचा नियम केला होता. मंत्र आणि हिरा पुरत नाही. साथीदारांपैकी तिघांपर्यंत कुणीही पुढे यायचं आणि जाणाऱ्याला काहीतरी सांगायचं, द्यायचं, विनवायचं. ते साधलं तर अखेरचा फासा सोपा होतो, फसलं तर अवघड. आणि ज्याला जितक्या वेळा परत आणलं, तितका तो फासा दर खेपेला जड.

2016 मध्ये त्यांच्या मोहिमेत एका बुडालेल्या थडग्यात शवपेटी उघडताना सापळा फुटला आणि व्हेक्स नावाची धनुर्धर गेली. तिचा जुळा भाऊ वॅक्स. विधी सुरू झाला, आणि वॅक्सने मृत्यूच्या देवतेला, मेट्रन ऑफ रेव्हन्सला, सांगितलं की हिच्याऐवजी मला घे. त्याच्या या बोलण्यामागे कुठला नियम नव्हता, तक्ता नव्हता. मर्सरने ते शब्द धरून ठेवले. व्हेक्स उठली. तिची लेव्हल गेली नाही, तिच्या प्रकृतीतला एकही गुण कमी झाला नाही. त्यानंतर वॅक्स त्या देवतेचा झाला, तिचं चिलखत घालून वावरू लागला, आणि 2017 मध्ये मोहीम संपली तेव्हा तिच्यासोबत निघून गेला. पुरोहिताच्या तीन वर्षांचा तो जुना नियम इथे पुरा वाढलेला दिसतो. मेलेल्याकडून याने काही घेतलं नाही, त्याच्यावर जीव असलेल्याकडून घेतलं.

एकच गोष्ट त्याला खरोखर लागते. डंजन मास्टर कधीकधी आडोशामागे पडलेला फासा कुणाला न दाखवता आकडा बदलून सांगतो. हेतू चांगला असतो, खेळाडूचा चेहरा बघवत नाही. पण टेबलावरच्या लोकांना ते कळतं, पहिल्यांदा नाही तर तिसऱ्यांदा. आणि एकदा कळलं की पुढच्या प्रत्येक लढाईत वाचल्याचा आनंद निम्मा होतो. त्याला टाळायचं असेल तर ते उघड टाळावं: पहिल्या बैठकीतच ठरवावं की आपल्या गोष्टीत कुणी मरणार नाही, किंवा मरेल तर किंमत काय आणि ती कोण देणार. असं तोंडावर सांगितलेलं त्याला चालतं. फासा लपवलेला चालत नाही, आणि याबाबतीत मी पूर्ण त्याच्या बाजूचा आहे.

त्याच मंडळींच्या पुढच्या मोहिमेत, 2018 मध्ये, तो पुन्हा आला. या वेळी मॉलीमॉक नावाच्या, रंगीबेरंगी झग्यातल्या जत्रेतल्या कलावंताला त्याने नेलं. टोळीतले तिघे शत्रूच्या कैदेत, पुरोहित त्यांच्यातच, हिरा नाही, मंत्र म्हणणारं कुणी नाही. उरलेल्यांनी त्याला रस्त्याच्या कडेला पुरलं आणि कैदेतल्यांना सोडवायला पुढे गेले. त्याचा खेळाडू टॅलिसिन जॅफी याच्यापुढे कोरा कागद आला. त्यावर त्याने स्मशानाची राखण करणारा एक पुरोहित लिहिला, कॅड्युसियस क्ले, आणि 2021 मध्ये मोहीम संपेपर्यंत त्या पुरोहिताच्या तोंडून तो याच गृहस्थाशी वाटाघाटी करत राहिला.